एकोणीस नंबरच्या पाटीवरची शाई

म्युझियममध्ये नोकरी करत होते असं सांगितलं की इथली, म्हणजे कॅनडातल्या रेजिनातली, आपली मंडळी हटकून दोन प्रश्न विचारतात. तुम्ही गाइड होता का, आणि तुमच्याकडे ममी होती का. दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. ते ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो विंटर टायर कुठून घेतले या विषयाकडे वळतो. म्हणून दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी आधीच बजावलं की ममी नाही, सोनंनाणं नाही, नुसती माती आहे. ते चालेल म्हणाले. आता भोगा.

माझं काम वस्तू सांभाळायचं. वस्तू आली की ती मोजायची, तिच्यावर बारीक अक्षरात नंबर घालायचा, तिच्या मापाची फोमची गादी कापायची, खोक्यात निजवायची आणि रजिस्टरात लिहायचं. मग वर्षानुवर्षं तिला धूळ, ऊन, किडे आणि प्रोफेसर यांच्यापासून जपायचं. माझ्या सासूबाई ठाण्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि "म्हणजे मोलकरीणच की," असं स्वच्छ सांगितलं. मला राग आला होता. नंतर विचार केला तर त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

आमचं म्युझियम युनिव्हर्सिटीचं, एका इमारतीच्या बेसमेंटमधलं. तिथे सुमेरच्या तेवीस पाट्या होत्या. सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिणेकडचा भाग. चार हजार वर्षांपूर्वी तिथले कारकून ओल्या मातीच्या लहानशा वडीवर बोरूनं टोचून टोचून लिहायचे. कुणा हौशी डॉक्टरनं शंभरेक वर्षांपूर्वी त्या प्रवासात घेतल्या आणि इथे प्रेअरीत, या गवताळ मैदानात, आणून ठेवल्या. लोकांना वाटतं, इतकं जुनं लिखाण म्हणजे मंत्र असतील, राजाच्या स्वाऱ्या असतील. आमच्या तेवीसमध्ये काय होतं सांगू? अमक्यानं बोरूच्या इतक्या मोळ्या आणल्या. तमकी आज दळणाला आली नाही, आजारी आहे. इतक्या बायकांना बिअर दिली. मेलेल्या मेंढ्या मुदपाकखान्यात जमा. मला तर हे वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं. जगातलं पहिलं लिखाण कारकुनांनी केलं, कवी मागाहून आले, हे मी पार्टीत अभिमानानं सांगायचे. कुणी ऐकायचं नाही.

या पाट्या बहुतेक कच्च्या, भट्टीत न भाजलेल्या. पाण्यात टाकली तर चिखल. आणि त्यात मीठ असतं. आपल्याकडे भिंतीला लोणा धरतो ना, तसा पाटीला धरतो. हवा दमट झाली की मीठ विरघळतं, कोरडी झाली की वर येऊन फुलतं आणि वरचा पापुद्रा अक्षरांसकट सुटतो. रेजिनाच्या हिवाळ्यात हीटिंग लावलं की घरातली माणसंसुद्धा भेगाळतात, तिथे पाटीची काय कथा. त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल मी दिवसातून दोनदा कपाटातली आर्द्रता बघायचे. आमची मुलगी म्हणायची, "Mom, you never check on me that much." खोटं नव्हतं.

या पाट्या वाचणारं अख्ख्या प्रांतात एकच माणूस, ओल्गाबाई. सहा फूट उंच, युक्रेनियन शेतकऱ्याची मुलगी, पायात बारा महिने गमबूट. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सवयीनं बाई म्हटलं आणि ते चिकटलं. त्यांना सुलभा म्हणता येईना, म्हणून मी सू झाले. त्या काय चीज होत्या हे एका उदाहरणानं कळेल. मूस जॉ गावाहून एक गृहस्थ आले, आजोबांच्या बेसमेंटमध्ये सापडलेली प्राचीन पाटी घेऊन. ती त्यांनी दोन वर्षं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. मखमलीत गुंडाळलेली, खाली वर टोचल्याच्या खुणा, रंग अगदी तोच. मी हातमोजे घालून अदबीनं पुढे केली. ओल्गाबाईंनी ती नाकाशी नेली, हुंगली, आणि कुत्र्याचं बिस्किट आहे, लिव्हर फ्लेवर, असा निकाल दिला. गृहस्थ तासभर भांडले. शेवटी बाईंनी त्यांना बिस्किट कुत्र्यासमोर धरून बघायला सांगितलं. ते परत आले नाहीत, त्यावरून काय ते समजा.

आता माझ्या पापाकडे येते.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीचे हॅरॉल्ड रिटायर होत होते. महिनाभर त्यांनी मला शिकवलं. वस्तूवर नंबर कसा घालायचा याची पद्धत ठरलेली असते. आधी पारदर्शक लाखेचा पातळ पट्टा, तो वाळला की त्यावर शाईनं नंबर, वर पुन्हा लाख. म्हणजे उद्या नंबर काढायचा झाला तर लाखेसकट निघतो, वस्तूला डाग नाही. आणि नंबर नेहमी कोऱ्या जागी घालायचा. हॅरॉल्डनी हे दहादा सांगितलं. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी एकोणीस नंबरची पाटी हातात घेतली. लाखेची बाटली वाळून दगड झाली होती. नवी मागवायची तर कुणाकडे, ते माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली. म्हटलं, एकदा चालतं. कडेला कोरी जागा दिसली, तिथे काळ्या शाईनं झोकात नंबर घातला.

जागा कोरी नव्हती. पाटीवरची अक्षरं म्हणजे खड्डे. डावीकडून तिरका दिवा धरला तरच त्यांच्या सावल्या पडतात आणि ती दिसतात. मी छताच्या ट्यूबलाइटखाली बसले होते. सरळ उजेडात झिजलेली ओळ सपाट दिसते. हे आमच्या धंद्यातलं पहिलं बाळबोध ज्ञान, ते मला तेव्हा नव्हतं. कच्च्या मातीनं शाई पिऊन टाकली, आणि काळ्यावर सावली कुठली दिसणार. पुसायला पाणी लावावं तर पाटीच विरघळेल.

काही महिन्यांनी ओल्गाबाई त्या पाटीपर्यंत पोहोचल्या आणि वर कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज मला खाली ऐकू आला. मजकूर होता: मेलेल्या मेंढ्या दोन, लुगल-एझेम नावाच्या मेंढपाळाकडून, मुदपाकखान्यातल्या अमक्याला पोचल्या. त्या अमक्याचं नाव नेमकं माझ्या शाईखाली. बाईंनी हॅरॉल्डच्या नावानं शिव्यांचा जो पट्टा सोडला, त्यातले अर्धे शब्द युक्रेनियन होते म्हणून बरं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण नोकरी नवी, आमच्या ह्यांच्या नोकरीचं अजून पक्कं झालेलं नाही, पोर लहान. मी मूग गिळून बसले. मग हॅरॉल्ड वारले, आणि मेलेल्या माणसानं आळ घेतला तर त्याचं काय जातं अशी मी माझी समजूत घातली. सत्तावीस वर्षं आम्ही दोघी रोज दहा वाजता एकत्र चहा प्यायलो, आणि आठवड्यातून एकदा तरी बाई हॅरॉल्डचा उद्धार करायच्या. मी बिस्किट बुडवून खायचे.

दोन हजार सोळाच्या शरद ऋतूत ओल्गाबाईंनी मला सांगितलं की त्यांचे डोळे जात आहेत. मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. कुणाकडे बघायचं तर त्या मान वळवून त्याच्या कानामागे बघायच्या. तेवीस पाट्यांचं पुस्तक त्यांनी आयुष्यभर लिहीत आणलं होतं, ते आता वर्षात पुरं करायचं होतं. सगळी नावं मिळाली होती, दळणाला न आलेल्या बाईचंसुद्धा. राहिलं होतं एकोणिसावीतलं एक. "कुणीतरी त्यांना एकदा लिहून ठेवलं," त्या म्हणाल्या. "त्यातला एक माझ्या हातून गळाला असं मला नको होतं." मग त्यांनी मला मसुदा वाचायला दिला. एकोणिसाव्या नोंदीखाली स्पष्ट लिहिलं होतं, की हे नाव हॅरॉल्ड यांच्या निष्काळजीपणामुळे कायमचं नष्ट झालं आहे. आडनावासकट.

बोलणं वेगळं, छापणं वेगळं. हॅरॉल्डची बायको डोरीन अजून हयात होती. हयात म्हणजे, दर गुरुवारी आमच्याकडेच व्हॉलंटियर म्हणून यायची, मी कापलेल्या फोमच्या कडा घासायची आणि सगळ्यांसाठी लेमन स्क्वेअर, म्हणजे लिंबाच्या वड्या, आणायची. तिनं हे पुस्तक सगळ्यात आधी उघडलं असतं. दोन रात्री झोप नाही. आमचे हे म्हणाले, सांगून टाक, तुला काय फाशी देणार आहेत? ह्यांचं काय जातं बोलायला.

तिसऱ्या दिवशी दहाच्या चहाला सांगितलं. लाख वाळली होती, मला विचारायची लाज वाटली, हॅरॉल्ड तेव्हा इमारतीत नव्हतेच. ओल्गाबाई माझ्या कानामागे बघत बसल्या होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सत्तावीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी एका भल्या माणसाला शिव्या दिल्या, आणि तू साखर ढवळत होतीस."

कप तिथेच ठेवून त्या उठल्या. हॅरॉल्डचं नाव मसुद्यातून त्याच दिवशी गेलं. माझं नाव मात्र त्यांनी घातलं नाही. आणि दहाचा चहा बंद झाला. त्या खाली यायच्या, लागेल ते खोकं मागायच्या, "थँक्यू" म्हणायच्या. मला त्यांनी आयुष्यात कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. ते ऐकून मी वॉशरूममध्ये जाऊन रडले.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. एकोणीस नंबरची पाटी साधी नव्हती. ती लिफाफ्यात होती. सुमेरी कारकून महत्त्वाची पावती लिहिली की तिच्यावर ओल्या मातीचा पातळ थर चढवायचे, पुरणपोळीत पुरण भरतात तसा, आणि त्या थरावर तोच मजकूर पुन्हा लिहायचे. वर शिक्का फिरवायचे. पुढे भांडण झालं, कुणी बाहेरच्या आकड्यात खाडाखोड केली असा संशय आला, तर सगळ्यांसमोर लिफाफा फोडायचा आणि आतली पाटी वाचायची. आमचा लिफाफा कधीच फोडला गेला नव्हता. शिक्का इतका पुसट की त्यावरचं नाव वाचता येत नव्हतं. पण आत तोच मजकूर होता, तेच नाव होतं, आणि तिथे माझी शाई पोचलेली नव्हती. फोडायचा प्रश्न नव्हता. फोडा म्हणणाऱ्याला मीच फोडला असता. पण न फोडता आत बघता येतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं.

वीस ठिकाणी फोन केले. हॉस्पिटलनं हसून फोन ठेवला. शेवटी सॅस्कटूनला जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात उंदरांची हाडं तपासायचं स्कॅनर मिळालं. उंदराएवढी वस्तू, केसाएवढी भेग दिसते, असं तिथली तंत्रज्ञ गुरप्रीत म्हणाली. आमच्या डायरेक्टरसाहेबांनी तीन फॉर्म भरून घेतले आणि पाटीला काही झालं तर माझी पेन्शन बुडवतील असं प्रेमानं सांगितलं.

ओल्गाबाईंना मी कधी निघणार ते लिहून चिठ्ठी ठेवली, मोठ्या अक्षरात. उत्तर आलं नाही. पण जानेवारीत ठरलेल्या सकाळी गाडी काढली, तर बाई गमबूट घालून फाटकाशी उभ्या. मागच्या सीटवर बसल्या आणि दार लावून घेतलं. पाटी माझ्या मांडीवर, पिकनिकच्या कूलरमध्ये, तीन थरांच्या फोममध्ये. आमचे हे गाडी चालवत होते. तीन तासांत बाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ती शांतता सहन न होऊन ह्यांनी त्यांना आमच्या घरातल्या फर्नेसचा संपूर्ण इतिहास सांगितला. डेव्हिडसनच्या पुढे बाईंनी एक प्रश्नसुद्धा विचारला, फिल्टर किती दिवसांनी बदलता म्हणून. मला मत्सर वाटला.

कॉलेजात गुरप्रीतनं दार उघडलं आणि हिंदीत विचारलं, "दीदी, पेशंट कहाँ है?" मी कूलर दाखवला. तिच्या कॉम्प्युटरला फॉर्म पुरा भरल्याशिवाय मशीन सुरू करता येत नव्हतं. पेशंटचं नाव? एकोणीस. वय? मी चार हजार म्हटलं, तर चौकटीत दोनच आकडे मावत होते, म्हणून नव्व्याण्णव. भूल दिली का? नाही. उपाशीपोटी आणलं का? मी म्हटलं, बरेच दिवस. प्राण्याची जात निवडायची होती. गुरप्रीतनं माझ्याकडे पाहिलं, मी मजकूर आठवला आणि मेंढी निवडायला सांगितलं. मागे ओल्गाबाईंनी नाकातून एक आवाज काढला. तो हसण्याचा होता की सर्दीचा, मी विचारलं नाही.

मशीन चालू झालं आणि मला नको ते सुचायला लागलं. आत काहीच नसेल तर? रिकामा लिफाफा, किंवा चुरा? तासाभरानं पडद्यावर करडी पोळी उमटली, तिच्यात बारीक पोकळी, आणि पोकळीत दुसरी पाटी, सबंध. गुरप्रीतनं बटण फिरवून लिफाफा पडद्यावरून काढून टाकला, केळं सोलावं तसा. आतल्या पाटीवर सगळी अक्षरं होती. मला ती वाचता येत नव्हती. ज्यांना वाचता येत होती त्यांना दिसत नव्हती. ओल्गाबाई मान इकडून तिकडून वळवत पडद्याच्या कडांकडे बघत राहिल्या आणि मग खुर्चीत मागे टेकल्या. टोरोंटोच्या एका विद्वानाला फोटो पाठवू का, असं मी भीतभीत विचारलं. त्यांनी नकाराची मान हलवली. दुसऱ्याच्या तोंडून ते नाव त्यांना ऐकायचं नव्हतं, हे मला कळलं.

परतताना डेव्हिडसनजवळ मला सुचलं. ती अक्षरं म्हणजे खड्डेच की. दिसायलाच हवीत असं कुठं आहे? आमच्या लायब्ररीत नुकताच थ्री-डी प्रिंटर आला होता, मुलं त्यावर हॉकीच्या टीमची चिन्हं छापायची. दुसऱ्या दिवशी मी गुरप्रीतच्या फाइल्स घेऊन गेले आणि आतली पाटी चौपट मोठी छापायला लावली. मशीनमध्ये केशरी प्लास्टिकच भरलेलं होतं, दुसरा रंग शुक्रवारी येणार होता. शुक्रवारपर्यंत थांबायची माझ्यात ताकद नव्हती. तळहाताएवढी भडक केशरी पाटी घेऊन मी दहाच्या ठोक्याला ओल्गाबाईंच्या खोलीत गेले, सोबत न विचारता दोन कप चहा नेला आणि पाटी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी आधी ती चारी बाजूंनी फिरवून बघितली, म्हणजे बोटांनी. वरची कड सापडली तशी डाव्या हातात धरली, सुमेरी कारकून धरत असेल तशी, आणि उजव्या हाताची तर्जनी पहिल्या ओळीवर ठेवली. बोट पुढे गेलं, थांबलं, परत मागे आलं. मला वाटलं, झालं, जमत नाही. मग त्या उलट्या बाजूकडे गेल्या, खालच्या ओळीवर बोट हळूहळू सरकवलं.

"शेश-कल्ला," त्या म्हणाल्या. "त्याचं नाव शेश-कल्ला. भाऊ मोलाचा, असा अर्थ." आणि पुन्हा एकदा, कुणाला तरी हाक मारावी तसं, "शेश-कल्ला."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. माझ्याही. पण बोट पुन्हा पहिल्या ओळीकडे गेलं. आकडे म्हणजे उभे ठोसे, एक ठोसा म्हणजे एक. त्यांनी ते मोजले. पुन्हा मोजले. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं आणि मोज म्हणाल्या. मी मोजले. एक, दोन, तीन.

बाहेर दोन मेंढ्या. आत तीन.

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो, म्हणजे मी त्यांच्याकडे आणि त्या माझ्या कानामागे. बाईंनी विद्वानाला शोभेल असं सांगितलं की कारकुनाची चूक असू शकते, घाईत माणूस एक ठोसा कमी मारतो, यावरून काही सिद्ध होत नाही. मी म्हटलं, बाई, मुदपाकखान्यातल्या माणसाला तीन मेंढ्या मिळतात आणि पावतीवर दोन लागतात, यात चूक कसली. एक घरी गेली. बिचाऱ्या मेंढपाळानं चार हजार वर्षं लिफाफा फोडला नाही.

"आणि तो पकडला जाणार," ओल्गाबाई म्हणाल्या, "तेवढ्यात भारतातून एक बाई येते आणि नेमकं त्याच्याच नावावर शाई ओतते. सत्तावीस वर्षं तू चोर लपवलास, सू."

आणि त्या हसायला लागल्या. गमबूट जमिनीवर आपटत, गडगडाट करत. डोरीन फोम घासायचं सोडून धावत आली, हसण्यामुळे आम्हाला तिला काही सांगता येईना. मग सांगितलं, सगळं, हॅरॉल्डसकट. तिनं ऐकून घेतलं आणि हॅरॉल्डला सगळ्यांचा आळ आपल्यावर घ्यायची सवयच होती असं म्हणाली. त्या दिवशी लेमन स्क्वेअरचा दुसरा तुकडा तिनं मला दिला नाही. तो न दिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पुढच्या शरद ऋतूपर्यंत बाईंना कडेचंही दिसेनासं झालं. पुस्तकाचा शेवटचा भाग त्यांनी मला तोंडी सांगितला आणि मी टाइप केला, रोज दहा ते बारा. एकोणीस नंबरची नोंद पुरी झाली, आतला आकडा, बाहेरचा आकडा, लुगल-एझेम, शेश-कल्ला. मग त्या म्हणाल्या, तळटीप. मी बोटं तयार ठेवली. माझ्या गुन्ह्याची पावती येणार हे मला ठाऊक होतं, आणि ती येणं योग्यच होतं.

"बाहेरच्या लिफाफ्यावरचं नाव संग्रहालयाच्या नोंदणीच्या शाईखाली गेलं आहे," त्या सावकाश सांगू लागल्या. "ही शाई कुणाची, हे मला माहीत आहे. ती माझी मैत्रीण आहे."

मी म्हटलं, अभ्यासाच्या पुस्तकात असलं कुणी लिहीत नाही, प्रकाशक काढून टाकेल.

"टाइप कर," त्या म्हणाल्या.

मी केलं. दोनदा चुकलं, कारण मला की-बोर्ड नीट दिसत नव्हता. प्रकाशकानं ते काढलं नाही.